एकच कान टोचलेला मुलगा

खूप जुन्या काळी घडलेली ही गोष्ट. ते राज्य आता सापडायचं नाही आणि तिथल्या राजाचं नावही कुणाच्या लक्षात नाही. माणसं मात्र तुमच्या-माझ्यासारखीच होती. तेव्हा लांबच्या कुणाची तरी गोष्ट आहे असं समजून ऐकू नका.

नदीकाठी रंगाऱ्यांचं एक गाव होतं. तिथल्या एका रंगाऱ्याला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला. घरात तो, त्याची बायको, त्याची म्हातारी आई आणि लग्न ठरलेली धाकटी बहीण. चौघांच्या हातात मूल वाढत होतं.

मूल रांगायला लागलं आणि त्याच्या गुडघ्यांवर निळे डाग दिसू लागले. आईला वाटलं, नवऱ्याच्या हाताची नीळ लागली असेल. तिने ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. डाग गेला नाही. उलट मूल कळवळून रडलं. काही दिवसांनी मुलाचा ओठ पाटाच्या कडेला आपटला. चीर तांदळाच्या दाण्याएवढी होती, पण तिच्यातून दुसऱ्या दिवसापर्यंत रक्त झिरपत राहिलं. तेव्हा नवरा-बायकोने मूल कापडात गुंडाळलं आणि नदी ओलांडून पलीकडच्या वैद्याकडे गेले.

वैद्य म्हातारा होता आणि गोड बोलायची त्याला सवय नव्हती. त्याने मुलाचे गुडघे पाहिले, कोपरं पाहिली, मग आईकडे वळला.

"बाई, तुमच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेलाय का?"

"पाठचा भाऊ गेला. तापाने."

"ताप तुम्ही पाहिला होता?"

 भाऊ गेला त्या दिवशी आईने धुतलेली रक्ताची चादर बाईला आठवत होती, आणि कुणी विचारलं तर ताप म्हणायचं, हे आईचं सांगणंही.

"याचं रक्त गोठत नाही," वैद्य म्हणाला. "तुम्हा-आम्हाला खरचटलं की रक्तावर साय धरते, खपली होते. याला ती धरत नाही. जन्मापासून असं आहे आणि जन्मभर असंच राहील."

"काही औषध असेल ना?" रंगाऱ्याने विचारलं. "लागेल तितकं चालून जाऊ."

"असतं तर मीच चालत गेलो असतो."

"मग हा जगायचा नाही?"

"तसं मी म्हटलं नाही. सांभाळलंत तर जगेल. सुई, काटा लांब ठेवा. पडू देऊ नका. लागलंच तर जागा दाबून धरा. आणि ज्यांच्या ज्यांच्या हातात हे मूल जाईल, त्यांना सगळ्यांना सांगून ठेवा. हे शेवटचं विसरू नका."

"सगळ्यांना?" बाई हळूच म्हणाली.

"मग काय तुमच्या गावात दवंडी पिटायला मी येऊ?"

घरी आल्यावर त्यांनी म्हातारीला सांगितलं. तिने नातवाला पोटाशी धरलं, खूप रडली, आणि डोळे पुसल्यावर तिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे: "बाहेर कुणाला बोलू नका."

म्हातारीवर रागावण्याआधी ते गाव समजून घ्या. ज्या घरात असं मूल निघे त्याला तिथे 'फुटकं घर' म्हणत. त्या घरच्या बाईला ओटी भरायला कुणी बोलावत नसे. त्या घरच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडे. भांडायला कुणी येत नसे. एके दिवशी फक्त सुपारी परत येई. गावाला कुणी दुष्ट म्हणालं असतं तर गावाला राग आला असता. मूल आजारी आहे असं कळलं की तिथल्या बायका डोळ्यांना पदर लावत. आणि पदर खाली येईपर्यंत, दोष कुणाच्या माहेरचा, हे ठरवून मोकळ्या होत. म्हातारीच्या लेकीची सुपारी नुकतीच फुटली होती. तिने हिशेब केला तो एवढाच.

वैद्याचं बाकीचं सांगणं त्यांनी जिवापाड पाळलं. जमिनीवर गोधड्या अंथरल्या. पाटाच्या कडांना चिंध्या गुंडाळल्या. सुया, कात्री, विळी माळ्यावर गेली आणि भाजी हाताने मोडून शिजू लागली. शेवटचं सांगणं तेवढं राहिलं.

आणि घरात भीती राहायला आली. बाईला झोपेतही मुलाच्या पडण्याचा आवाज येई. मूल हसत उभं राहू लागलं तसं ती त्याला उचलून कडेवर घेई. दुसऱ्या आया ज्या दिवसाची वाट बघतात तो दिवस तिला लांबवायचा होता. रंगाऱ्याने मंजिष्ठेच्या लाल रंगाची कढई बंद करून टाकली. तांबडं पाणी कापडात पसरताना त्याला बघवत नव्हतं. निळ्या कढईपाशी काम करता करता तो मध्येच उठून दारात येई.

"झोपलाय?"

"झोपलाय."

"श्वास बघितलास?"

"आत्ताच बघितला."

तो परत जाई, आणि थोड्या वेळाने पुन्हा येई.

खरं सांगायचं नाही म्हटल्यावर खोटं सांगावं लागलं. मूल खाली का सोडत नाही, असं विचारलं की बाई म्हणे, नवस आहे. शेजारीण नदीवर म्हणाली, "यांच्या पोराचा पाय भुईला लागायचा नाही म्हणे. आमची काय उकिरड्यावर सापडलीत?" बायका हसल्या. बाईने पिळलेलं कापड पुन्हा पिळलं.

मग कान टोचायची वेळ आली. त्या गावात मूल वर्षाचं व्हायच्या आत मामाच्या मांडीवर बसवून त्याचे कान टोचत. विचारणा सुरू झाली तसं बाईने सांगितलं, "मामाला सवड नाही. तो आला की टोचू." तिला वाटलं, उत्तर चांगलं सापडलं.

पण तीच शेजारीण मनातून विरघळली. भावाला सवड नाही म्हणून बहीण मनात कुढते आहे, एवढंच तिला समजलं. बाईच्या माहेराकडे जाणाऱ्या गाडीवानाजवळ तिने मामाला परस्पर निरोप दिला: बहीण वाट बघते आहे, कसले हो मामा तुम्ही! यात शेजारणीचा काय दोष? तिला जे सांगितलं होतं, त्यावर ती भल्या बाईसारखी वागली.

मामा आला तो सोन्याच्या बाळ्या घेऊन आणि वाटेतून गावच्या सोनारालाही सोबत घेऊन. बाई नदीवर कापड धूत होती. घरात म्हातारीच्या लेकीचे होणारे सासू-सासरे तिथी ठरवायला आले होते. मामाने सगळ्यांना नमस्कार केला आणि भाच्याला उचलून मांडीवर घेतलं.

"आज राहू दे," रंगारी म्हणाला. 

"दाजी, तुम्हाला पोराचं रडणं बघवत नसेल तर अंगणात जा," मामा हसून म्हणाला. "अक्काने गावभर माझं नाव खराब केलंय. आज टोचल्याशिवाय पाणी पिणार नाही."

"एवढी घाई कशाला?" म्हातारीने म्हणून पाहिलं.

"अहो, शुभ काम आहे," होणारे सासरे म्हणाले. "आमच्यादेखत होऊ द्या."

रंगाऱ्याने आईकडे पाहिलं. आईने लेकीकडे पाहिलं. दोघांच्या तोंडात शब्द तयार होते, आणि दोघंही पाहुणे उठायची वाट बघत राहिले. सोनाराची तार मात्र कुणासाठी थांबली नाही. एका कानातून ती आरपार गेली.

मूल रडलं. सोनाराने थेंब पुसला. पुन्हा थेंब आला. त्याने हळद लावली. हळद भिजून गळ्यावर उतरली. "थांबेल," असं म्हणत त्याने दुसऱ्या कानाकडे हात नेला, आणि त्याच वेळी बाई ओलं कापड घेऊन दारात आली.

म्हातारीने तिला डोळ्यांनी खुणावलं: आता नको, पाहुणे आहेत. ती खूण तिला समजली. कापडाचा पिळा तिने हातातून सोडून दिला.

"तार खाली ठेवा," ती सोनाराला म्हणाली. "याचं रक्त थांबत नाही. जन्मापासून थांबत नाही. आम्हाला ठाऊक होतं आणि आम्ही लपवलं." मग ती भावाकडे वळली. "माझ्या पाठचा भाऊ तापाने नाही गेला रे. तो असाच गेला. तू तेव्हा पाळण्यात होतास. तुला कुणी सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही."

मामाच्या मांडीवर मूल होतं आणि त्याच्या धोतरावर डाग मोठा होत होता. त्याने बहिणीकडे असं पाहिलं, की ती नजर ती पुढे कधी विसरली नाही.

होणारे सासरे उठले. त्यांनी पागोटं चढवलं आणि बायकोला म्हणाले, "चला."

त्यांची बायको उठली, पण दाराकडे गेली नाही. ती मुलापाशी बसली. तिने तार काढायला लावली, भिजलेली हळद पुसली आणि कानाची पाळी दोन बोटांच्या चिमटीत घट्ट धरली.

"गार पाण्याची पट्टी आणा," ती म्हणाली. "आणि कुणी मध्येच उचलून बघू नका. बघितलं की पुन्हा सुरू होतं."

"अगं, चल म्हणतोय ना?" सासरे दारातून म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढे. आपला थोरला काविळीने गेला असं मी आजवर सांगत आले. आता सांगणार नाही."

ते उंबऱ्यातच उभे राहिले.

तिची बोटं आखडली तेव्हा रंगाऱ्याच्या बहिणीने चिमटीला चिमटी लावून पाळी धरली. मग मामाने. मुलाचं रडणं ऐकून शेजारीण आली. तिला सगळं सांगितलं. "मला एका शब्दाने बोलली असतीस तर?" एवढं म्हणून तीही रांगेत बसली. सोनारानेही धरलं. मूल पांढरंफटक पडलं, दूध ओढेनासं झालं, आणि आई त्याच्या छातीवर हात ठेवून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर बाईने भीत भीत पट्टी उचलली. पाळी कोरडी होती.

यानंतर गाव शहाणं झालं असं मी सांगणार नाही. लग्न मोडलं. कान धरून बसलेल्या त्या पाहुणीचं नवऱ्यापुढे चाललं नाही आणि सुपारी परत आली. नदीवर कुजबूज झाली, 'फुटकं घर' म्हणून झालं, ओटीचं बोलावणं बंद झालं.

पण सोनाराने एक गोष्ट सुरू केली. कुठल्याही मुलाला तार लावण्याआधी तो भरल्या घरात मोठ्याने विचारी, "या घरात किंवा आईच्या माहेरी कुणी रक्त न थांबून गेलंय का?" लोक चिडले. शुभ कामात अभद्र बोलतो म्हणून दोघा-चौघांनी त्याला उंबऱ्यावरून परत पाठवलं. तो म्हणाला, "मग दुसऱ्याकडून टोचून घ्या." गावात दुसरा सोनार नव्हता. शेवटी एका घरात एक आजी भिंतीकडे बघत म्हणाली, "माझा एक गेला." त्या घरी तार पेटीत परत गेली आणि ते पोर वाचलं. पुढे आणखी एका घरात कुणी बोललं, मग आणखी एका. फुटकी घरं इतकी निघाली, की ते नाव कुणी कुणाला ठेवायचं हाच प्रश्न पडला.

रंगाऱ्याचा मुलगा जगला. गुडघ्यात रक्त साकळून एका पायाने लंगडत चालला, कित्येकदा अंथरुणाला खिळला, आईबापांची झोप कायमची हलकी झाली. पण तो गल्लीत खेळला. पोरं त्याला ढकलत नसत, कारण का ढकलायचं नाही हे प्रत्येकाला सांगितलेलं होतं.

मुलाचा आजार ज्यांच्यापासून लपवावा त्यांच्याच प्रेमळ हातांनी त्याला इजा होते, आणि जे गाव तो लपवायला भाग पाडतं ते त्या इजेचं निम्मं धनी असतं.