कापलेली पाने

एकदा एका वृद्ध बांधणीकारांकडे त्यांची शिष्या फाटलेली वही घेऊन आली. वह्या-पुस्तके शिवण्याची कला ती त्यांच्याकडेच शिकत होती, आणि ही वही तिने आईच्या एकसष्टीसाठी केली होती. आईचा सारा जन्म खानावळीच्या चुलीपुढे गेलेला. गेल्या हिवाळ्यात ती भिशीतल्या बायकांबरोबर प्रथमच हंपीला गेली आणि परतताना पिशवीभर चिजा घेऊन आली. देवळातली अंगाऱ्याची पुडी, वाळलेली फुले, नकाशा, उपाहारगृहातला कागदी रुमाल, शिवाय मैत्रिणींनी काढलेली ढीगभर छायाचित्रे. हौसेला मोल नसते! मुलीने त्यातले एकूण एक वहीत चिकटवले. वही फुगली, मिटेना, आणि शेवटी कण्यापाशी, जिथे पाने शिवलेली असतात तिथेच, उसवली.

"आबा, दोरा कच्चा निघाला," ती म्हणाली. तिने तेवढ्याच पानांची नवी वही जाड दोऱ्याने शिवून आणली होती. "ही नाही फाटायची."

आबांनी नवी वही निरखली, शिवण वाखाणली आणि कात्री घेतली. एक पान ठेवून पुढचे कापायचे, कण्यालगत बोटभर पट्टी तेवढी राखायची, असे करत ते शेवटापर्यंत गेले. शिष्येचे डोळे भरून आले. एकसष्टी चार दिवसांवर होती.

"आबा, अहो काय केलंत हे! माझ्या आईचा पहिला प्रवास आहे तो. पुढचा होईल की नाही, कुणाला ठाऊक!"

"म्हणूनच कापली," आबा शांतपणे म्हणाले. "अगं, दोरा कमी पडला नव्हता, जागा कमी पडली होती. चिकटवलेल्या प्रत्येक वस्तूला स्वतःची जाडी असते. तेवढी जाडी कण्यापाशी आधी द्यावी लागते. या पट्ट्या ती देतात. नाहीतर तू सुतळीनं शिवलीस तरी वही उसवणारच. सगळंच जपायला निघालं की काहीच जपलं जात नाही."

"पण मग निम्म्या वस्तू वगळायच्या? कोणत्या?"

"ते मला विचारू नकोस. स्वतःलाही विचारू नकोस. प्रवास कुणाचा होता?"

शिष्या घरी गेली आणि तिने जुन्या वहीतून सोडवलेला सारा पसारा आईसमोर मांडला. हंपीच्या महालापुढचे हसरे छायाचित्र आई नक्की उचलणार, अशी तिची खात्री होती. आईने ते बाजूला सारले. बटव्यातून एक चुरगळलेले बसचे तिकीट काढून तिने ते मांडीवर ठेवून सरळ केले.

"हे पहिल्या पानावर लाव."

"हे कसलं गं?"

"तो दगडी रथ बघत बसले मी, आणि बायका पुढे निघून गेल्या. तुला सांगितलं नाही, उगाच घाबरली असतीस. मग विचारत विचारत बसपर्यंत गेले. तिथली भाषा येत नाही, खाणाखुणा केल्या. मुक्कामाच्या गावाचं तिकीट मी स्वतः काढलं. आजवर बाजाराला, लग्नाकार्याला गेले तरी तिकीट तुझ्या बाबांनी नाहीतर तू काढलेलं. एकटीनं आले मी!"

बोलताना आईची मान अशी ताठ झाली होती, की मुलीने ती तशी कधी पाहिलीच नव्हती.

एकसष्टीच्या दिवशी वही हातोहात फिरली, आणि प्रत्येक वेळी अलगद मिटली. एका भाच्याने हसून विचारले, "मावशी, एवढ्या सुंदर वहीत पहिल्याच पानावर हे चुरगळलेलं तिकीट?" आईने त्याला शेजारी बसवून सगळी हकिकत सांगितली. मग दुसऱ्याने विचारले, त्यालाही सांगितली. ऐकणाऱ्यांत मुलगी प्रत्येक वेळी सर्वांत पुढे होती, आणि अभिमानाने तिचा ऊर भरून येत होता.

आबा आले, तेव्हा त्यांनीही आईकडून तिकिटाची हकिकत ऐकली. मग मुलगी त्यांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला मध्येच थांबवले, खांद्याला धरून आईकडे वळवले आणि म्हणाले, "आधी तिकडे. वाट तिनं काढली, आपण नुसती जागा केली."