सहातारीच्या पोटातली पट्टी

एका राज्यात सूर म्हणून उरला नव्हता. सनईवाल्याने षड्ज लावावा, तर तो घसरून भलतीकडेच जावा. देवळातल्या घंटा खोकल्यासारख्या वाजाव्यात. अंगाई ऐकून झोपायची ती लेकरे उठून बसावीत. राजा मणिकेतू कानात कापूस घालून दरबार भरवी. त्यामुळे त्याला फिर्यादीही ऐकू येत नसत, ते निराळेच.

या सगळ्याचे मूळ एका वाद्यात होते. सहातारी त्याचे नाव. समुद्रापलीकडच्या गिटारीच्या धर्तीवर नरसोजी नावाच्या कारागिराने ती घडवली होती : कमरेत बारीक, पोटाला गोल भोक, वर आतड्याच्या सहा तारा. जादूगार कुंभांजनाने ती मागितली, तेव्हा नरसोजी म्हणाला, "तुमची बोटे जाड आहेत, तुम्हाला जमायची नाही." खरे असले तरी जादूगाराला असे कोणी बोलतो का? पण नरसोजीची जीभ सगळ्या गावाला ठाऊक होती. कुंभांजनाने सहातारी उचलून आपटली, राज्यातले सूर खुडून घेतले आणि नरसोजीचा केला तांबट पक्षी.

"ही पहिल्या दिवशी वाजली तशीच पुन्हा वाजेल, तेव्हा सूर परततील आणि तू सुटशील," जादूगार म्हणाला. "तोवर दर अमावास्येला तुझी थोडी भाषा गळेल. फाल्गुनी अमावास्येचा सूर्य बुडाला, की तू जन्माचे पाखरू." एवढे बोलून तो काळा धूर होऊन डोंगरापलीकडे निघून गेला.

आता नरसोजीची बायको लिंबाई हिचा धंदाच जुनी वाद्ये दुरुस्त करण्याचा. पण सरळ तिच्याकडे आले तर ते राजाचे काम कसले? आधी राजसोनाराने सहातारीवर माणके जडवली. मग राजरंगाऱ्याने लाखेची पुटे चढवली. मग राजवैद्याने भेगांत राळ ओतली. सहातारी नवरीसारखी नटली आणि पाटावर थाप मारावी तशी वाजू लागली. तेव्हा कुठे ती लिंबाईपुढे आली.

"हे कोणी केले?" लिंबाई म्हणाली, आणि तिने कपाळाला हात लावला. "माणके सुटतील, लाख खरवडता येईल. पण राळ? राळ एकदा धरली की लाकूड फाटेल, ती सुटायची नाही. अहो, सरस वापरायचा! ऊब आणि ओल मिळाली की सरस गपचूप सोडतो. आपल्या मागून कोणीतरी ही उघडणार, एवढे तरी कळायला नको?"

"ओरडू नकोस," तिच्या खांद्यावरचा तांबट म्हणाला. "आणि सुरी तापव. अगं, इतकी नव्हे!"

हे असे रोज चाले. नवरा माणूस होता तेव्हा निदान जेवायला उठून जाई. आता तो खांद्यावरच बसलेला.

राळ विरघळवायला तप्तसरोवराचे पाणी हवे होते. तिथला नाग म्हणाला, "आधी माझी पाठ खाजव." लिंबाईने सरोवराला वळसे घालीत त्याची पाठ खाजवली, आणि तांबट वरून सांगत होता, "डावीकडे. अगं, डावीकडे!" सहातारीच्या वरच्या पाटीचा एक तुकडा फुटला होता, त्याच्या जागी आदिदेवदाराची फळी हवी होती. देवदार म्हणाला, "माझी हकीकत मध्ये न बोलता ऐक." झाड पुरातन, हकीकतही पुरातन, एका फांदीची गोष्ट तर त्याने पाऊस संपेतो सोडली नाही. तारांसाठी यक्षिणीने वळलेली आतड्याची तात हवी होती. यक्षिणीने गुंतवळ्यांची रास पुढे ढकलली आणि म्हणाली, "सोडव." लिंबाईने दात ओठ खाऊन सोडवली.

या खेपांमध्ये अमावास्या येत होत्या नि जात होत्या. तांबटाची आधी वृक्षांची नावे गळाली, मग गावांची, मग शेजाऱ्यांची. हत्यारांची नावे मात्र त्याने घट्ट धरून ठेवली होती.

फाल्गुनी अमावास्येच्या आदल्या दिवशी सहातारी लिंबाईच्या मांडीवर उघडी पडली होती. नवी फळी बसली होती. पाटीच्या जुन्या भागाला आतून, पंख्याच्या काड्यांसारख्या, नरसोजीने आधाराच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या; त्यातली एक चक्क तिरपी. लिंबाईला मनातून आनंदच झाला. जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढणाऱ्या माणसाची चूक सापडली होती! तिने सुरी तापवली, पट्टी सोडवली आणि सरळ रेषेत बसवली.

"अगं, ती पट्टी..." तांबटाने चोच उघडली.

"पुरे!" लिंबाई कडाडली. "ही पेटी मिटेपर्यंत एक अक्षर काढाल, तर पिंजऱ्यात कोंडीन."

नरसोजी रुसला. मान फिरवून आढ्यावर जाऊन बसला आणि खरोखरच एक अक्षर बोलला नाही. लिंबाईने पेटी मिटली. सकाळी तिने हाक मारली, तेव्हा तो म्हणाला, "टुक्. टुक्." उरलेली भाषा गळून गेली होती.

दरबारात तिने तारा छेडल्या. आवाज स्वच्छ, गोड, गुळगुळीत आला. घंटा मात्र खोकतच राहिल्या.

"उत्तम वाजते," राजा म्हणाला.

"महाराज, कापूस काढा आणि मग बोला," लिंबाई म्हणाली. "ही ती नव्हे."

ऊन खांबांवरून खाली उतरू लागले होते. इतक्यात तांबटाने झेप घेतली, तो थेट सहातारीच्या भोकातून आत शिरला आणि आतून ठोकू लागला. टुक् टुक् टुक्.

"फोडा!" लिंबाई त्याच्यावर ओरडली. "आता उरले आहे तेही फोडा!"

तिने हात आत घातला आणि तो तसाच थांबला. पाखरू पट्टीवर ठोकत होते. तिने सरळ केलेल्या पट्टीवर. लिंबाई राजासमोरच मांडी घालून बसली आणि रडली. "तुम्ही बोलत होता," ती म्हणाली, "आणि मी बोलू दिले नाही."

मग तिने डोळे पुसले, तारा ढिल्या केल्या, पाखराला अलगद बाहेर काढले, गरम पाण्यात भिजवलेला बोळा आत नेला. सरस होता म्हणून सुटला. जुन्या सरसाचा माग पाटीत मुरलेला होता. तो बोटाने चाचपत तिने पट्टी पुन्हा तिरपी ठेवली. सरळ रेषेला सरावलेल्या हाताला ते सोसवत नव्हते. सरस वाळायला पुरेसा वेळ नव्हता, म्हणून ऊन उंबरठ्याबाहेर जाईपर्यंत तिने पट्टी बोटांनी दाबून धरली. तारा चढवल्या. सूर्याची कोर तेवढी उरली होती, तेव्हा तिने छेडले.

आवाज किंचित खरखरला आणि मग उघडला. देवळातल्या घंटा सुरात आल्या. कुठल्याशा घरात एक लेकरू निमूट झोपी गेले. डोंगरापलीकडचा काळा धूर विरून गेला. राजाने कापूस फेकला आणि समोर खोळंबलेल्या पहिल्या फिर्यादीला म्हणाला, "बोल बाबा."

नरसोजी फरशीवर बसला होता. डोक्यात एक हिरवे पीस होते.

"पट्टी तिरपी का?" लिंबाईने विचारले.

"तिथे लाकडाचा धागाच तिरपा होता. मी त्याच्या मागून गेलो."

"मग सांगायचे नाही?"

"सांगतच होतो."

लिंबाईने त्याचा हात घट्ट धरला. "बोला," ती म्हणाली. "काय साचले असेल ते सगळे बोला."

घरी जाताना नरसोजी खुंट्यांपासून सुरू झाला. वेशीपर्यंत तो सरसाच्या पाकावर आला, ओढ्यापाशी पाटीच्या जाडीवर. लिंबाईने साऱ्या वाटेत एकदाही त्याचे बोलणे तोडले नाही.

घरात पाऊल टाकल्यावर मात्र तोडले.