पारख्याची जीभ

"पांढरा खडा समोर ठेवला, तर ते मीठच आहे हे तुम्ही कशावरून सांगाल?" शास्त्यांनी समोर बसलेल्या भिक्षूंना विचारले आणि ही गोष्ट सांगितली.

पूर्वी शंखपुरात मेघवर्ण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या मिठाच्या पारख्याच्या घरी जन्मले होते. त्या नगरीची रीत अशी, की बाहेरून आलेले मीठ आधी पारख्याने जिभेवर ठेवायचे. मग कोठाराला कुलूप लागे. दुसऱ्या दिवशी सकाळी पारखी स्वतः चालत येऊन ते उघडी. तो आला नाही, तर माल पुरून टाकायचा. कित्येक पिढ्यांत तसे घडले नव्हते.

एका वर्षी डोंगर खचून वाटा बंद झाल्या. तीन महिने मीठ आले नाही. माणसे भिंतींचा खार चाटू लागली. तेव्हा कोठारी कर्कटकाने रानातून चाळीस पोती पांढरे खडे आणवले.

बोधिसत्त्वांनी एक खडा तळहातावर घेतला. तो मिठापेक्षा जड लागला. पाण्यात टाकला, तर तळाशी तसाच बसून राहिला. मग त्यांची बायको सुतनू हिने शेगडी पुढे केली. निखाऱ्यावर मीठ तडतडते. हा खडा मुकाट धूर होऊन गेला आणि लसणासारखा वास सुटला.

"हे विष आहे," ते म्हणाले.

"वा! आजोबा जिभेने पारखत, नातू शेगडीवर पारखतो!" कर्कटक हसला. "जीभ भ्याली वाटतं, पारखीबुवा?"

बाहेर लोक दाराला खांदे लावू लागले. "पोती सोडा! आज सोडा!"

कर्कटक म्हणाला, "तुमच्या बदली कैदखान्यातल्या चोराला चाटवू. मग तर झालं?"

"त्याचीही कोणी घरी वाट पाहत असेल."

सुतनूने त्यांचा हात धरला. "अहो, तुम्हाला कळलंय ना काय आहे ते!"

"मला कळलंय. त्यांना नाही. ते फक्त रीत मानतात."

त्यांनी खडा जिभेवर ठेवला आणि गिळला. कोठाराला कुलूप लागले. गर्दी पांगली. किल्ली कमरेला खोचून ते सुतनूबरोबर घराकडे चालू लागले.

एवढे सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कर्कटक म्हणजे आज मान खाली घालून बसलेला तो भिक्षू. सुतनू म्हणजे दाराशी बसलेली ती वृद्ध भिक्षुणी. पारखी मीच होतो. खडा ओळखला ती प्रज्ञा. पण त्या दिवशी नगर वाचले ते करुणेने."

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली घेऊन सुतनू एकटीच आली, आणि लोकांनी चाळीसही पोती खड्ड्यात पुरली.