दहा दिवसांची आढी

"...मग त्याला घरी कधी पाठवायचं, तेवढं सांगा!"

अच्युत मठाच्या ओसरीवर उभाच राहिला. तो बसायला आलाच नव्हता.

भिकाजीबुवांनी मान वर केली. "कुणाला?"

"साटमला. अकरा महिने झाले, बुवा. ध्यानाला बसला की घोरतो! बाकीचे सहा साधक कुठल्या कुठे पोचले, आणि हा अजून श्वास मोजतोय. तेही चुकीचे."

"इथून गेला तर जाईल कुठे?"

"परत बोटीवर. परत बाटलीत. त्याला मी काय करू?"

"शिकवण्यात काही कमी पडलं?"

अच्युत उसळला. हा प्रश्न त्याला झोंबला.

"माझ्याकडून? सगळ्यांना एकच पाठ, एकच वेळ, एकच मुदत. कुणाला झुकतं माप दिलं असेल तर दाखवा. मी भेदभाव करत नाही!"

बुवा उठून मागच्या दाराकडे वळले.

जाता जाता म्हणाले, "आढी उघड."

मागच्या पडवीतली आंब्याची आढी अच्युतनेच लावली होती. पायरी आणि हापूस एकाच पेंढ्यात, थरावर थर. दोन आढ्या लावून पेंढा कशाला नासवायचा? वर त्याचाच हुकूम होता, दहा दिवस कुणी हात लावायचा नाही. आज दहावा दिवस.

त्याने पेंढा दूर केला. आंबूस भपकारा आला. पायऱ्या काळ्या पडून पाघळल्या होत्या. हापूस हिरवट, कडक.

"मुदत संपली ना?" बुवांनी विचारलं.

"संपली."

"मग जे पिकले नाहीत ते खाडीत फेकून दे."

"फेकून? अहो बुवा, हापूस आहे तो! पायरी आधी तयार होते. हापूसला अजून पाच-सहा दिवस तरी..."

बोलता बोलता उचललेला हापूस त्याने हळूच परत पेंढ्यात ठेवला.

बुवा हसले असते तरी चाललं असतं. ते हसले नाहीत.

अच्युतने ओठ आवळले. चूक झाली तर ती अर्धी मान्य करणाऱ्यांतला तो नव्हता. एकदा ठरवलं की ठरवलं.

"ठीक आहे. साटम राहील. पाच दिवस लागोत नाहीतर पाच वर्षं. घोरू दे खुशाल. मी हटणार नाही. मी थांबेन."

"थांबशील?"

"एकट्या साटमसाठीच नाही, सातही जणांसाठी थांबेन. शब्द देतो!"

बुवा वाकले. आढीतली एक सडकी पायरी उचलून त्यांनी अच्युतच्या तळहातावर ठेवली. तिचा काळपट रस त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"ही पिकून तुझ्यासाठी थांबली होती."