डॉक्टर मंदाकिनीचं जादा ताट

‘नभोयान सत्तावीस’ ही अवकाशातली मालिका चौदा वर्षं चालली होती. यानावरच्या माणसांपैकी कोणाचा कुठला हात यंत्राचा, कोण कोणावर का रुसलाय, हे सगळं मालिकेच्या संहिता तपासणाऱ्या वच्छलाबाई तोरसकर वहीत लिहून ठेवत. डॉक्टर मंदाकिनीची मुलगी दुसऱ्याच वर्षी अवकाशात हरवली होती. तेव्हापासून डॉक्टर जेवताना एक ताट जादा मांडायची.

हजाराव्या भागात डॉक्टरचं लग्न लावायचं ठरलं. तिच्या तोंडी संवाद आला, “मला मूलबाळ कधी नव्हतंच.”

वच्छलाबाई तडक निर्माते बांदेकरांकडे गेल्या. “साहेब, मग बारा वर्षं ही बाई ताट कोणासाठी मांडत होती?”

“बाई, प्रेक्षकांना कालचं आज आठवत नाही. ती वही रद्दीत घाला.”

दुपारी हजाराव्या भागाची श्रेयनामावली बाईंकडे तपासायला आली. त्यांनी ती तपासून, सगळ्यांदेखत साहेबांपुढे ठेवली.

“निर्माता दगडू माने? हा कोण?”

“आपला चहावाला.”

“आणि माझं नाव कुठंय?”

“चौदा वर्षं तुमचंच होतं की, साहेब. पण प्रेक्षकांना कुठं आठवतंय?”

सगळे माना खाली घालून हसले. साहेबांनी मुकाट्याने तो संवाद खोडला आणि त्या भागात डॉक्टरने ताट मांडलं.

पुढच्याच महिन्यात बाईंना घरी बसवलं. मग ताटही गेलं, आणि ते का गेलं हे विचारायला कोणी उरलं नाही. श्रेयनामावलीतून बाईंचं नाव काढायची तसदी मात्र कोणाला घ्यावी लागली नाही. ते तिथं कधी नव्हतंच.