मंदोदरीचं कपाळ

"माझी मंदोदरी काढून घेवक तुमका कोणी सांगला, मामा?"

लवू केळुसकर कुंपणाच्या बेड्यातूनच ओरडत आत आला. चपलाही काढल्या नाहीत.

नारबा सातोसकर घरापुढच्या खळ्यात पाटावर बसून सुपाऱ्या सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

एके काळी दशावतारात लुगडं नेसून राण्यांची कामं करणाऱ्या पुरुष नटांत नारबांचं नाव पहिलं घेतलं जायचं. लवू त्यांचा शिष्य. ओठावर लव फुटायच्या वयात त्यांच्याकडे आला होता, आता पन्नाशी ओलांडली होती. नारबा स्टेजवरून उतरले तशी मंदोदरीची भूमिका लवूकडे आली आणि इतकी वर्षं त्याच्याकडेच राहिली. मंडळाचे मालक मात्र कामं वाटताना अजून नारबांना विचारत.

त्या दिवशी मालकांनी लवूला बोलावून सांगितलं, की पुढच्या जत्रेपासून मंदोदरी दुसरा कोणी तरी करील. नारबांचा निरोप आहे.

"कोणी सांगूक कित्याक व्हया?" नारबा म्हणाले. "मीच काढलंय."

"कित्याक?"

नारबांनी एक सुपारी सोलून परडीत टाकली.

"कित्याक, मामा?"

नारबांनी चाकूच्या टोकानं खळ्याच्या कडेला दाखवलं. तिथं, माडाच्या सावलीत, एक म्हातारी बाई बसली होती. शेजारी मासळीची रिकामी पाटी. रागाच्या भरात लवूला ती दिसलीच नव्हती.

"ही जानकी कुबल. बंदरावरची. हिका इचार."

लवूनं तिच्याकडे पाहिलं.

"माका ह्या बाईक काय इचारूचा नाय. मी तुमका इचारतंय."

"तेका काय सांगू?" जानकी नारबांना म्हणाली. "तुमका सांगलंय ता पुरे झाला."

"सांग, बाय. तेच्या तोंडावर सांग."

"तोंडावर?" जानकी हसली. ते हसू चांगलं नव्हतं. "बरा. आयक तर. माझो झील दर्यात गेलो तो परत इलो नाय. मढासुद्धा गावाक नाय. घरात रडूक गावणा नाय माका. सून आजून कुकू लावता. मी रडलंय तर तिचा कुकू पुसला जाता. समजला?"

लवूनं रिकाम्या पाटीकडे पाहिलं.

"म्हणान मी जत्रेक येतंय. इंद्रजित मरता. मंदोदरी तेच्या अंगावर पडता. ती तेच्यावर रडता, मी माझ्यावाल्यावर रडतंय. कोणाक कळणा नाय. सगळ्याच बायो रडतत थंय. वरसातून एकदा... तितक्याच."

"मगे?"

"मगे ह्या वरसा ती रडली नाय."

"रडली नाय?" लवूचा आवाज चढला. "डोळ्यांतून धारा लागल्यो होत्यो माझ्या! पदर भिजलो!"

"धारो छपराकय लागतत." जानकीनं पाटीवर थाप मारली. "वर कपाळ ह्या असा. सपाट. पोरगो पुढ्यात मरान पडलो आणि आवशीच्या कपाळाक एक आठी नाय! मी उठान इलंय. वाटेत येक थेंब इलो नाय डोळ्यांत. घराकडे येवन चूल पेटवलंय... आणि तुका शिव्या घातलंय."

लवू नारबांकडे वळला.

"एका बाईसाठी? एक बाय उठान गेली म्हणान?"

"रांगेत ती एकटीच रडूक इली होती," नारबा म्हणाले. "बाकीचे बघूक इले होते."

"आणि ते काय म्हणतत, ता म्हायत आसा तुमका?"

लवूला आता बसवेना. तो खळ्यात येरझाऱ्या घालू लागला.

"रावण कोण करता? अंकुश. सत्तरीक टेकलो. तेचा पोट आदी स्टेजवर येता, मागसून तो येता. कवळी लावन डरकाळ्यो फोडता. तेका कोणी म्हणता, रावण म्हातारो झालो? कोण नाय! वाढत्या पोटाबरोबर तेचो मान वाढता! आणि मी? कोणीतरी मोबाईलवर माझो व्हिडिओ टाकल्यान. माझ्या मानेच्यो सुरकुत्यो मोठ्यो करून दाखवल्यान. खाली लिवल्यान, ही मंदोदरी काय रावणाची आवस? शंभर जण हसले. मालकान तो माझ्या नाकासमोर धरल्यान. म्हणालो, लवू, काय तरी कर."

"मगे तू केलंस."

"केलंय! पणजेक गेलंय. कपाळात सुयो मारून घेतलंय, आठी पडू नये म्हणान. गालात भरून घेतलंय. तोंडाक औषध लावन घेतलंय, सापासारखी कात टाकीपर्यंत काळोखात बसलंय. बायको ताट ठेवन पाठ फिरवन जाय. कोणासाठी केलंय? माझ्यासाठी? मंदोदरीसाठी केलंय! आता लोक म्हणतत, लवू तिशीचो दिसता. आणि तुमी आज सांगतात, घराक जा?"

"मंदोदरेचो झील लढाईत मेलो," नारबा म्हणाले. "लगीन झालेलो झील. आणि ती तिशीची?"

"लोकांका तशीच व्हयी!"

"खंयच्या लोकांका?"

जानकी बाजूला थुंकली.

"तुमी मोठे साधू!" लवू नारबांच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. "तुमी काय केलात? टोपाखाली कानशिला फडक्यान आवळून बांधून घेत होतात. तोंडाची कातडी वर ओढूक! मीच आवळीत होतंय ता फडक्या. तुमी म्हणायचात, आजून ओढ, आजून ओढ. डोक्या ठणकान वांती होय तुमका. खोटा सांगतंय?"

"खरा सांगतंस."

"मगे?"

"सकाळी ता फडक्या सोडीत होतंय."

लवूच्या मानेच्या शिरा तटतटल्या.

"तुमका सगळ्याचाच उत्तर येता, मामा. माझा काम गेला आणि तुमी उत्तरा देतात!"

नारबांनी चाकू खाली ठेवला. गुडघ्यावर हात टेकून ते उठले. उभे राहिल्यावर लवूला कळलं की म्हातारा आपल्याहून जास्त रागावलेला आहे.

"मालकाक काय सांगलंय, ता तुका म्हायत नाय. तेका सांगलंय, रावणाक आदी उतरव, मगे बायांची कातडी मोज. हसलो मेलो. तेका ह्याच खळ्यातसून भायर घातलंय. ज्यान तो व्हिडिओ केल्यान, तेचा नाव कळला तर तेकाय सोडूचंय नाय. तो राग येगळो. तो तुझ्यावर काढूचंय नाय."

"मगे माझ्यावर कसलो राग?"

"तू रागावलंस आत्ता?"

"होय!"

"खूप?"

"काय इचारतात हे? होय! खूप!"

"माका दिसणा नाय."

दुपारचं ऊन लवूच्या चेहऱ्यावर पडलं होतं. डोळे लाल, ओठ फाकलेले, आणि त्या सगळ्याच्या वर ते कपाळ. गुळगुळीत, शांत, दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं.

"अशीच होती ती," जानकी म्हणाली. "अशीच. माका परत बघूक जमणा नाय."

तिनं बसल्या बसल्या पाठ फिरवली आणि बागेकडे तोंड करून बसली.

लवूनं झटकन दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मग हात काढले. लाज वाटल्यासारखं तोंड करायचं होतं, तेही झालं नसावं.

"डॉक्टराक काय सांगलंस?" नारबांनी विचारलं.

"काय सांगतलंय? सुरकुत्यो काढ म्हणान."

"खंयच्यो?"

"सगळ्यो."

"सगळ्यो नाय. आरशात बोट ठेवन पयली खंयची दाखवलंस?"

"आता ता कित्याक?"

"खंयची?"

लवूनं दोन भुवयांच्या मधोमध बोट टेकलं. मग नाकाच्या बाजूनं ओठांच्या कोपऱ्यापर्यंत, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

"ह्योच कित्याक?"

लवूनं बोट खाली घेतलं.

"मानेक लोक हसले होते, लवू. कपाळाक कोण हसूक नाय. ह्योच कित्याक?"

"त्यो माझ्यो नव्हत्यो!"

"मगे कोणाच्यो?"

लवूनं तोंड फिरवलं.

"कोणाच्यो?" नारबा ओरडले.

"आवशीच्यो!"

बागेतून एक कावळा उडाला. जानकीची पाठ हलली नाही.

"आवशीच्यो होत्यो त्यो," लवू म्हणाला. "रंग लावूक बसलंय, कुकू लावलंय, की आरशात ती. रोज ती! आदी नव्हती. तरणो होतंय तवसर नव्हती. हळूहळू येवक लागली. आदी कपाळात इली, मगे तोंडाकडे इली. तुमका आठावता तिचा तोंड? तसाच. तसाच रागान बघी. माझ्याच आरशातसून, माझ्याच कुकवाखालसून!"

"ती तुझा नाटक कधी बघूक इली नाय," नारबा म्हणाले.

"नाटक सोडा. दार उघडूक नाय तिना!" आता तो नारबांशी बोलत नव्हता. "पयल्यांदा लुगडा नेसलंय, लोकांनी टाळ्यो मारल्यो, मी तसोच घराक धावत गेलंय. तिका दाखवक. तोंडावरचो रंगय पुसूक नाय. म्हटला, बघ तरी, केदो चांगलो दिसतंय. तिना फटीतसून बघल्यान. आणि भुतुरसून काय सांगल्यान? माका झील होतो. ही बाय कोण?"

नारबा उभेच होते.

"शेवटपर्यंत बोलाक नाय. मेली तेव्हा मी भायर पडवीत. आणि आता येता? आता, मी म्हातारो झालंय तेव्हा? जिती आसताना माझा तोंड बघूचा नव्हता, आणि मेल्यावर माझ्याच तोंडावर येवन बसता? म्हणान काढलंय तिका! टोचून काढलंय! रडाक येतासा होता डॉक्टराकडे, पण रडलंय नाय. म्हटला, मार. आजून मार. जाऊंदे ती. दार उघडलंस नाय ना... तर जा! जा तू..."

त्याचा आवाज मधेच फुटला.

तो मंदोदरीचा आवाज नव्हता. कुठल्याच राणीचा नव्हता. लवूनं इतक्या वर्षांत स्टेजवर कधी न काढलेला, बारीक, चिरका, मिशी न फुटलेल्या पोराचा आवाज होता तो.

"आये..."

लवू खाली बसला. दोन्ही मुठी जमिनीवर आपटू लागला. शेणानं सारवलेल्या खळ्याचे पोपडे उडाले.

"आये, दार उघड गे. मी आसंय. आये, मीच आसंय... दार उघड!"

चेहरा तसाच होता. मुठी फुटत होत्या, गळा फाटत होता, आणि कपाळावर एक रेघ उमटत नव्हती.

बागेकडे तोंड करून बसलेल्या जानकीच्या खांद्यांना हिसका बसला. मग दुसरा. तिनं पदर तोंडात कोंबला, पण आतून जे वर येत होतं ते पदरानं अडेना. ती मोठ्यानं रडू लागली. जत्रेत बायका रडतात तशी नव्हे, घरात कुणी मेल्यावर रडतात तशी.

"आये!" तिच्या पाठीमागून पुन्हा हाक आली.

"इलंय," जानकी म्हणाली. "इलंय रे बाबा, इलंय..."

तिनं जमिनीला हात टेकला आणि ती मागं वळू लागली.

नारबा झपाट्यानं पुढे झाले. सुपारीच्या सालींनी काळा पडलेला आपला हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला आणि घट्ट दाबून धरला.

"वळू नको, बाय, अशीच रड," ते म्हणाले. "तेका आजून तोंड नाय."