पुलाची लांबी

परदेशी विद्यार्थ्यांबरोबर काम कसं करावं, हे शिकवणारा एम.टेक.चा तास विभागप्रमुख डॉ. कारखानीसांनी बंद करायचं ठरवलं. "इंजिनिअरला कसली आलीय संस्कृती? आकडा जगभर एकच!" भर वर्गात ते गरजले.

परभणीच्या मुक्ताचा तो जिवाभावाचा तास. ती उठली. फळ्यावर '1.500' लिहून तिनं जर्मनीच्या लुकासला विचारलं, "ही लांबी किती मीटर?"

"दीड हजार," लुकास म्हणाला. त्याच्या देशात हजारापुढे स्वल्पविरामाऐवजी टिंब देतात.

"आणि तुमच्या मते, सर?"

"दीड," सर बोलून गेले.

"मग सर, पूल कुणाच्या आकड्यानं बांधायचा?"

वर्गात हशा पिकला. सर स्वतःही हसले. "तास चालू राहील. आणि उद्यापासून मीही येऊन बसेन."